अवधूचा शुक्रवार

“अगं बाई, केवढा हा आवाज!” उंबऱ्यातच थबकून मालनताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“कसला आवाज?” मी विचारलं.

मी चेष्टा करत नव्हते. इचलकरंजीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या खोलीची भिंत सोळा मागांच्या कारखान्याला लागून होती. सकाळी सातला यंत्रमाग सुरू झाले की त्यांची खटखट रात्रीपर्यंत चालायची. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस माझंही डोकं उठलं होतं. मग तो आवाज कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. गेला म्हणजे कारखान्यातून नव्हे, माझ्या कानांतून.

“मागाचा होय! होईल सवय,” मी म्हणाले. “या आत.”

मालनताई आजऱ्याकडच्या. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, पण मनगटं पैलवानाची. नवरा वारल्यावर त्या लेकीकडे इचलकरंजीला राहायला आल्या होत्या आणि ‘हातभार’ नावाच्या केंद्राने त्यांना सहा महिने शिकवून तयार केलं होतं. ज्या घरात सतत सांभाळावं लागणारं मूल आहे, तिथे जायचं, मुलाचं सगळं करायचं आणि आईला काही तास मोकळं करायचं, हे त्यांचं काम. मला असल्या मदतीची गरज नाही, असं मी केंद्राच्या वर्षा मॅडमना दोनदा तोंडावर सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची सोय उरली नाही. डॉक्टरांनी माझी गर्भपिशवी काढायची तारीख ठरवली.

तीही तिसरी तारीख होती. आधीच्या दोन मीच चुकवल्या होत्या. अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं की पाण्याची कळशी उचलली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. “आता पुढे ढकललंत तर मी जबाबदार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाच दिवस दवाखान्यात, आणि नंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही. आमचा अवधूत तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि एकोणीस किलोचा.

जन्मताना तो रडला नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि त्याचे हातपाय, मान, जीभ काहीच त्याच्या ताब्यात राहिलं नाही. समजायचं सगळं, पण बोलता यायचं नाही. बाकीचं कुणीही शिकून केलं असतं. खरी मेख होती ती जेवणात. मऊ भात आणि वरण कालवून एकेक चमचा भरवायचा. घास कधी बाहेर यायचा, कधी ठसका लागायचा, एका जेवणाला तास मोडायचा. मी मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची, त्याला माझ्या छातीशी टेकवायची, डाव्या हाताने त्याची हनुवटी सावरायची आणि उजव्या हाताने भरवायची. ही पद्धत वर्षा मॅडमनीच शिकवलेली. झटक्यांची गोळीही भातातच कुस्करून जायची. जेवण चुकलं की गोळी चुकली, आणि गोळ्या चुकल्या की झटके आलेच.

आणि माझ्याशिवाय कुणाच्याही हातचा घास तो घ्यायचा नाही. सासूबाई त्याला घेऊन पुढच्या खोलीत, सोप्यात बसल्या, वाटीभर भात त्यांच्या लुगड्यावर आला. माझी बहीण तिच्या घरी घेऊन गेली, तिथेही तेच. आमचे हे सुट्टीच्या दिवशी बिचारे दोन-दोन तास चमचा घेऊन बसायचे, तो तोंडच उघडायचा नाही. सगळ्यांनी हात टेकले. मीही सगळ्यांना सांगून टाकलं की त्याला आईचाच हात लागतो. सांगताना मला थोडी ऐट वाटायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा प्रश्न साधा होता. तीन आठवड्यांत अवधू मालनताईंच्या हातून जेवायला लागला तर माझं ऑपरेशन होणार. नाही तर ही तारीखही जाणार.

मी तयारी केली होती. दोनशे पानी वहीत पांढऱ्यावर काळं करून ठेवलं होतं. मालनताई चष्मा लावून सोप्यात बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

“चमचा प्लास्टिकचा. स्टीलचा चावतो. बरं. कावळा ओरडला तर थांबणे, तो कावळ्याकडं बघतो. बरं. भात गरम नको, गार नको. पाणी घासाआधी न्हाई, घासानंतर.” त्यांनी पान उलटलं. “शुक्रवारी उपास, फक्त दूध. उपास कुणाचा, तुमचा?”

“त्याचा. अवधूचा.”

“पोराचा?”

“हो, तो शुक्रवार धरतो,” मी म्हणाले. “अगदी लहान असल्यापासून. दिवसभर भाताचा कण घेत नाही. दुधातून गोळी देते मी, तेवढं कसंबसं घेतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, मागच्या जन्मीचं काहीतरी व्रत अर्धं राहिलंय.”

मालनताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग अवधूकडे. “आणि शुक्रवार आलाय हे त्याला कोण सांगतंय?”

“त्यालाच कळतं.”

“असंल बाबा,” त्या म्हणाल्या आणि पुढचं पान वाचू लागल्या.

सोमवारी त्यांनी पहिल्यांदा भरवायला घेतलं. मागच्या खोलीत कान किटतात म्हणून त्या सोप्यात बसल्या. तिथे उजेड होता, वारा होता. मी बाहेर पायरीवर जाऊन बसायचं असं ठरलं होतं. तासाभराने हाक आली. वाटी होती तशीच होती आणि मालनताईंच्या पदरावर वरणाचे डाग पडले होते.

“न्हाई घेतला वहिनी. एकबी न्हाई.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वरवर मी “अरेरे” म्हणाले, त्याला मागे नेलं, भिंतीला टेकून बसले आणि वाटीभर भात भरवला. त्याने मुकाट्याने खाल्ला. मालनताई दारात उभ्या राहून बघत होत्या. घरातली सगळ्यात मोठी परीक्षा मी पुन्हा एकदा पहिल्या नंबराने पास झाले होते.

मंगळवारीही तेच झालं. बुधवारीही तेच. बुधवारी मात्र मला बरं वाटलं नाही. दुपारी कपडे धुताना मला घेरी आली आणि मी मोरीतच बसून राहिले. डोळे मिटले की एकच चित्र दिसायचं: मी दवाखान्यात पडलेली, इकडे अवधूचं तोंड घट्ट मिटलेलं, गोळी वाटीतच आणि त्याचं अंग झटक्याने ताठ झालेलं. संध्याकाळी ह्यांना म्हणाले, “तारीख पुढे ढकलू या.”

आमचे हे कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्यच. भिंतीपलीकडच्या आवाजावरून जेवता जेवता सांगायचे, “सात नंबरचा बिघडला बघ.” बोलणं कमी. त्या दिवशी ताटावरून मान वर करून म्हणाले, “आणि तुला काय झालं तर मग याला कोण भरवणार?”

मी तारीख तशीच राहू दिली.

गुरुवारी मालनताई आल्या त्या पदर खोचूनच. “आज मी न्हाई भरवत. तुम्ही भरवा, मी नुसती बघती.”

“तीन दिवस बघितलंत की.”

“तवा मी माझी फजिती बघत हुते. आज त्याला बघती.”

मी नेहमीच्या जागी बसले. जेवण सुरू झालं. हेही बारा वाजता जेवायला घरी आले होते आणि समोर पाटावर बसून भाकरी मोडत होते. अर्धी वाटी संपली असेल, तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. कारखानाही थांबला असणार, पण मला ते जाणवलं नाही. मला एवढंच कळलं की पुढच्या चमच्याला अवधूने ओठ मिटून घेतले.

“झालं पोट,” मी म्हणाले आणि वाटी बाजूला सारली.

“अर्ध्या वाटीत?” मालनताईंनी विचारलं.

“होतं कधी कधी. मर्जीचा मालक आहे तो.”

मी अवधूचं तोंड पुसलं आणि त्याला तसाच टेकवून ठेवला. दहा-बारा मिनिटांनी वीज आली.

“वहिनी, बघा!” मालनताई ओरडल्याच. “तोंड उघडलंय बघा त्यानं!”

मी वाकून पाहिलं. खरंच आ वासला होता. मी चमचा दिला, त्याने गिळला. दुसरा दिला, तोही गेला.

मालनताई गुडघ्यावर हात ठेवून पुढे सरकल्या. “शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असती न्हवं?”

“असते की.”

“आणि शुक्रवारी ह्याचा उपास.”

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. माझं डोकं मात्र तापलं. चार दिवसांपूर्वी आलेली बाई, जिला आमच्या गल्लीचं नाव धड सांगता येत नव्हतं, ती मला माझ्या लेकराबद्दल सांगत होती.

“म्हणजे तो माझ्या हातचं खात नाही, मागाच्या आवाजावर खातो, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठं काय म्हणाले? तुमच्या बहिणीच्या घराला कारखाना हाय काय लागून?”

नव्हता. बहिणीचं घर मळ्यात होतं. सासूबाई त्याला सोप्यात घेऊन बसायच्या. आणि हे त्याला भरवायला बसायचे ते सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारीच. एकेक गोष्ट आपणहून येऊन माझ्यासमोर उभी राहू लागली आणि मला त्यातली एकही नको होती.

“काहीतरीच तुमचं,” मी म्हणाले आणि भांडी उचलली. जरा जोरातच उचलली.

जाताना मालनताई म्हणाल्या, “उद्या तुमची रक्ताची तपासणी हाय न्हवं? तुम्ही जावा. भाऊ असतील घरात, मी येती. आणि वहिनी, उद्या दूध नगा ठेवू. भातच ठेवा.”

शुक्रवारी दवाखान्यात तपासणी लवकर उरकली. येताना माझा पाय उचलत नव्हता. रक्त काढल्यामुळे असेल, किंवा नसेलही. आमच्या बोळाच्या तोंडाशी आले आणि थांबले. खटाक्-खट, खटाक्-खट. मला तो आवाज ऐकू येत होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला मागाचा आवाज ऐकू आला, आणि तोही शुक्रवारी, कारखान्याच्या दाराला कुलूप असताना.

चपला बाहेर काढून मी सोप्यातून आत गेले. मालनताई माझ्याच जागी, माझ्यासारख्याच बसल्या असतील असं वाटलं होतं. पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. अवधू त्यांना टेकलेला, म्हणजे दोघांच्याही पाठी माझ्याकडे. भिंतीशी, त्यांच्यासमोर, आमचे हे मांडी घालून बसले होते. मांडीवर पिठाचा रिकामा डबा आणि हातात लाटणं.

“भाऊ, जरा सावकाश घ्या,” मालनताई म्हणत होत्या.

“सावकाश घेतला तर बंद पडायला आलेला माग वाटतो तो. मघाशी तुम्ही वाजवला, तेव्हा बघितलं न्हाई का कसा तुमच्याकडं बघत होता? माग असाच चालतो.” आणि खटाक्-खट सुरूच.

मालनताईंचा हात वाटीत गेला, चमचा भरून वर आला, अवधूच्या तोंडापाशी गेला आणि रिकामा होऊन परत आला. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. ह्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी डबा वाजवणं थांबवलं नाही, फक्त डोळ्यांनी मला खुणावलं की आवाज करू नको.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. वाटी खरवडल्याचा आवाज आला. नऊ वर्षांत अवधूने शुक्रवारी भात खाल्ला नव्हता. कुठलं व्रत आणि कुठला मागचा जन्म! दर शुक्रवारी माझं पोर उपाशी राहिलं होतं आणि मी त्याचं कौतुक करून चार बायकांना सांगत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. आमचा कळसा तर दिवसभर खणखणत होता.

मी परत पायरीवर जाऊन बसले आणि रडले. आनंदाने रडले असं सांगितलं तर शोभेल, पण तसं नव्हतं. मला अपमान वाटला होता. नऊ वर्षं मी कुठल्या लग्नाला गेले नव्हते, दोन दिवस माहेरी राहिले नव्हते, आणि ते सगळं एका गोष्टीवर सोसलं होतं की माझ्या लेकराला माझाच हात लागतो. ती गोष्ट एका लाटण्याने मोडली होती.

मालनताई हात पुसत बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, “राग आला काय माझा?”

“आला.”

“येणारच. माझ्या लेकीनं माझ्या नातवाला झोपवलं तरी मला येतोय. आवो वहिनी, माग ऐकून कुणाचं पोट भरतंय व्हय? तसं असतं तर इचलकरंजीत चूल कुणी पेटवली नसती. ह्या पोराला गिळायला तुम्ही शिकवलंय. घास पुढं कसा घ्यायचा, कसं थांबायचं, समदं त्यानं तुमच्या मांडीवर शिकलंय. मी नुसतं चालू गाडीत बसले.”

मला हसू आलं. नाक ओढत ओढत हसले. आतून ह्यांची हाक आली, “अगं, डबा चेमटलाय बघ!”

पुढचे दोन आठवडे मालनताई मागच्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून, कानांत कापसाचे बोळे घालून भरवत राहिल्या. कधी दोन घास कमी, कधी ठसका, पण गोळी एकदाही चुकली नाही. ठरल्या तारखेला मी दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा हे उशाशी उभे होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “जेवला. पाऊण वाटी.” मी डोळे मिटले ते थेट दुपारी चारला उघडले. नर्स म्हणाली, केवढं झोपता हो! मी म्हटलं, मागची उधारी आहे.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. अवधू चोवीस वर्षांचा आहे. चाकाच्या खुर्चीवर बसून केंद्रात जातो, तिथे त्याची स्वतःची मित्रमंडळी आहे. केंद्रात मीही आठवड्यातून तीन दिवस असते. नवीन आया येतात, जाड-जाड वह्या घेऊन येतात, आणि ‘आमचं बाळ फक्त माझ्याकडेच राहतं’ हे वाक्य प्रत्येकीच्या तोंडी असतं. त्यांची माहिती लिहून घ्यायच्या कागदावर वर्षा मॅडमनी तेव्हाच एक प्रश्न वाढवला: घरात कायम कसले आवाज, कसले वास असतात? आया लिहितात, ‘काही नाही’. मग आमच्यातली एक जण त्यांच्या घरी जाऊन तासभर गप्प बसते.

पण मला सांगायचं होतं ते मी घरी परत आले त्या दिवसाचं.

रिक्षातून उतरून, पोटाला हात धरून, पावलापावलाने मी आत आले. मागच्या खोलीत माझ्यासाठी कॉट टाकली होती, भिंतीच्या बरोबर समोर. जेवणाची वेळ झालीच होती. मालनताई वाटी घेऊन आल्या आणि मी सवयीने हात पुढे केला.

“हां!” त्यांनी मला दटावलं. “टाके उसवायचेत काय? पडा गुमान.”

त्या भिंतीला टेकून बसल्या. अवधूला छातीशी घेतलं, हनुवटी सावरली. भिंतीपलीकडे माग चालू होते. हे कॉटच्या पायथ्याशी बसून भाकरी खात होते. मी उशीवर मान टेकवून बघत होते, कारण दुसरं काही करायला मला परवानगीच नव्हती.

पहिला घास गेला. अवधूने तो तोंडात घोळवला, डोळे मिचकावले, गिळला, आणि मग त्याचा सगळा चेहरा हसला. ओठ एका बाजूला वर गेले, भुवया उंच झाल्या, आणि मोठी कामगिरी फत्ते केल्यासारखं त्याने समोर बघितलं. दुसरा घास गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यालाही तेच.

मी कोपरावर उठायला गेले, टाक्यांतून कळ आली, तशीच पडून राहिले.

“अहो,” मी ह्यांना हळूच म्हणाले, “तो हसतोय. घास गिळला की हसतोय तो.”

हे भाकरी चावत होते. त्यांनी आधी अवधूकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरासं नवल करून.

“रोजच हसतो की,” ते म्हणाले. “तू त्याच्या मागं असतेस न्हवं.”